कपाटामागचा कॉलम

३ फेब्रुवारी, मंगळवार

बुटक्या,

हे पत्र मावशीच्या पत्त्यावर पाठवते आहे. ती म्हणते, पाकीट हातात दिलं की तू ते न फोडता खिशात घालतोस आणि बेकरीत जाऊन वाचतोस. वाचतोस एवढं मला पुरे. फोनचा नंबर बदललास, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कागदाचं एक बरं असतं, मध्येच कोणी ठेवून देत नाही.

कालपासून मी कामाला जायला लागले. पगाराच्या नव्हे, शिकाऊ म्हणून. शेवटच्या वर्षाला स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कचेरीत काही महिने काढावे लागतात, नाहीतर पदवी देत नाहीत. तुला हे मी काय सांगायचं? तिसऱ्या वर्षात सोडलं नसतंस तर तूही केलंच असतंस. बघ, पहिल्याच पानावर हे आलं. खोडत नाही. खोडलं तर उजेडात धरून वाचशील.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली दातांचा दवाखाना. जिना चढताना यंत्राची घरघर ऐकू येते आणि आपोआप जबडा आवळला जातो. आत पाच टेबलं, एक मोठा छपाईचा यंत्रोबा आणि खिडकीत वाळलेलं एक झाड. कुणालाच ते फेकवत नाही. ज्यांच्या हाताखाली मला दिलंय त्या मॅडम माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असतील. काल मी आत गेले तर उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं कुणी गिऱ्हाईक आलं, किंवा कुणाची तरी आई. 'मी शिकाऊ,' म्हटल्यावर खाली बसल्या.

माझ्याबरोबर आणखी एक शिकाऊ मुलगी आहे, तुझ्या वयाची. चष्मा सारखा नाकावरून घसरतो, म्हणून सगळे तिला चष्मिस म्हणतात. ती मला काकू म्हणाली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या कचेरीची मी काकू झाले. मॅडम तेवढ्या 'अहो' म्हणतात आणि थांबतात. पुढे काय म्हणावं हे त्यांना सुचत नाही.

दोन दिवस ड्रॉइंगच्या घड्या घातल्या. मोठ्या कागदाची घडी अशी पडली पाहिजे की नाव छापलेला कोपरा वर यावा. मॅडम म्हणाल्या, 'तुमच्या घड्या फार छान पडतात.' इतकी वर्षं घरातल्या चादरी आवरल्या त्याचं हे चीज. हसलास का? मला नाही हसू आलं. संध्याकाळी बसमध्ये उभ्याने डुलकी लागली आणि एका गृहस्थांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बिचारे दोन थांबे हलले नाहीत.

बाबांचं छान चाललंय. आता त्यांना बसवर पाठवत नाहीत, डेपोतच टेबलावर बसवतात. तेवढाच आराम. हल्ली बिनबटणांचे शर्ट आवडायला लागलेत त्यांना. माझीही इस्त्री वाचते.

थंडीत कान बांधत जा. पहाटे भट्टीसमोरून एकदम बाहेर येतोस, म्हणून सांगितलं.

तुझी आई

९ फेब्रुवारी, सोमवार

बुटक्या,

मावशीकडून तुझा निरोप मिळाला. 'तिला म्हणावं, कॉलेजचं काही लिहू नकोस.' बरं. पण मग मी लिहू काय? सकाळी डबे, दिवसा कचेरी, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक आणि मग पुस्तक उघडं ठेवून बसल्याबसल्या झोप. यातलं कॉलेजचं काढून टाकलं तर फक्त डबे उरतात.

एकदाच लिहिते, मग नाही लिहिणार. जाताना तू जिन्यातून ओरडून म्हणाला होतास की मी तुझ्या जागेवर जाऊन बसले. तुला टोमणा मारायला मी प्रवेश घेतला, असं तुला वाटतं. तू सोडलंस त्यानंतर तुझी पुस्तकं मी रद्दीत द्यायला काढली होती. सुतळी बांधता बांधता एक उघडून बघितलं. तुळईवरच्या भाराचं एक उदाहरण होतं. लग्नाआधी पदविकेला केलं होतं तसलंच. म्हटलं, जमतंय का बघू. पेन्सिल घेऊन जमिनीवरच बसले. उत्तर चुकलं. पुन्हा केलं. रद्दीवाला दारात उभा राहून कंटाळून निघून गेला. एवढंच झालं होतं. तुला विचारायला हवं होतं, हे खरं. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

झालं. आता कामाचं. काम म्हणजे काही कॉलेज नव्हे.

आज पहिल्यांदा मॅडमनी बाहेर नेलं. एका जुन्या इमारतीची तपासणी होती. खाली वह्या-पेनांचं दुकान आणि वर दोन मजले. भिंतींना तडे गेलेत म्हणून तिथल्या लोकांनीच आमच्या कचेरीला बोलावलंय. चष्मिसने मापं घेतली आणि माझ्या हातात हातोडी दिली. वीतभर दांड्याची छोटीशीच असते. इमारतीचा भार धरणाऱ्या प्रत्येक कॉलमवर वरपासून खालपर्यंत ठोकत जायचं आणि ऐकायचं. काँक्रीट चांगलं असेल तर टणक आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. आतली सळई गंजून फुगली असेल तर वरचं काँक्रीट सुटतं आणि आवाज भद्द येतो. भद्द आलं की खडूने गोल करायचा. दिवसभर ठोकून ठोकून खांदा असा भरलाय की आत्ता पेन धरवत नाही. अक्षर बघच.

मी बाईमाणूस, त्यात वयाची. लोक दारं उघडतात, बसा म्हणतात. पहिल्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. बाहेरच्या खोलीत तीन मशीन आणि कापायचं भलंमोठं टेबल. शाळांचे गणवेश शिवतात. नवरा गेल्यावर त्यावरच घर चालवलंय त्यांनी. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तडे बघून भीती वाटली म्हणून त्यांनी सासूबाईंना तूर्त दिरांकडे ठेवलंय. त्यांच्याकडे पाणी प्यायले. जरा गप्पा झाल्या. बरं वाटलं. कचेरीत माझ्याशी असं कुणी बोलत नाही.

दुकानातल्या कोपऱ्यात एक कॉलम होता. त्याच्यासमोर भिंतभर कपाट ठोकलंय, मागे हात जाईना. दुकानदार म्हणाला, 'त्याला काय झालंय? तो दिसतसुद्धा नाही.' मॅडमनी वहीत लिहिलं, कपाट हलवून पुन्हा यायचं.

बाबा मजेत. परवा विचारत होते, काय एवढं लिहितेस? कामाचं, म्हटलं. तर म्हणाले, 'कामाचं नको लिहू, त्याला झोंबेल.' तुम्ही दोघं बापलेक एकाच शाळेत शिकलात वाटतं.

आई

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बुटक्या,

काल रात्रीपासून लिहायला बसते आणि नुसती बसून राहते.

काल ते कपाट हलवलं. सुतार आणला होता. फळ्या काढल्या, मागे भिंतीला आणि कॉलमला पांढऱ्या फरशा लावलेल्या. फरशा काढल्या. कॉलमच्या मागूनच वरच्या मोरीचा नळ उतरतो आणि तो किती वर्षं झिरपत होता देव जाणे. मी हातोडी लावली तर आवाज आलाच नाही. काँक्रीट ओल्या केकसारखं खाली पडलं. आतल्या सळया लाल होऊन पदर सुटल्यासारख्या झालेल्या, एक तर मधूनच तुटलेली. मॅडमनी मला दंडाला धरून मागे ओढलं. दुकानदार हसायला लागला होता, तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

मग फार घाई झाली. मॅडमनी तिथूनच फोन केले. संध्याकाळच्या आत गाडीतून लोखंडी टेकू आले. कॉलमच्या दोन्ही अंगांना बीमखाली ते उभे करून, आटे फिरवून घट्ट बसवले, म्हणजे वरचा भार त्यांच्यावर जावा. दुकान बंद केलं. त्या बाजूला वर दोनच घरं आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे लोक टेकू बघून एका तासात भावाकडे निघून गेले. पहिल्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई हलायला तयार नाहीत.

कुणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की काळजीचं काही नाही. त्या शब्दावर विसंबून त्यांनी सासूबाईंना दिरांकडून परत आणलंय. जाऊबाई कुरकुरत होत्या, म्हणून लगोलग आणलं. आता म्हणतात, 'तुमच्यातलेच एक सांगतात काही नाही, दुसरे म्हणतात आत्ता निघा. तुम्हाला कुणाला तरी ही जागा मोकळी करून हवी आहे, एवढंच मला कळतं.'

कचेरीत परतल्यावर मॅडमनी विचारलं, 'कोण म्हणालं त्यांना, काही नाही म्हणून?'

सगळे आपापल्या कागदांत डोकं घालून बसले. चष्मिस जरा बडबडी आहे. लोकांशी जाऊन बोलते, हसते. मॅडमनी तिलाच धरलं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'तोंड आवरत नसेल तर साइटवर येऊ नकोस. उद्यापासून आत बस.' पोरगी रडली नाही. 'मी नाही म्हटलं' एवढं एकदा म्हणाली आणि चष्मा पुसत राहिली. काच स्वच्छ होती तरी पुसत होती.

मला फार थकवा आलाय. आज एवढंच.

आई

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बुटक्या,

ते 'कुणीतरी' म्हणजे मीच होते. परवा तुला लिहितानासुद्धा मला ते लिहवलं नाही.

पहिल्या दिवशी पाणी पिऊन मी उठले तेव्हा त्या बाईंनी दाराशी विचारलं होतं, 'काळजीचं काही नाही ना हो?' मी म्हणाले, 'नाही हो, काही नाही. बांधकाम जुनं आहे, तडे जायचेच.' खाली त्या कोपऱ्यातला कॉलम मी बघितलाच नव्हता, तरी म्हणाले. एखादीचा चेहरा उतरलेला दिसला की माझ्या तोंडून आधी हेच निघतं. विचार करून नाही रे, अशीच सवय. कुणाला बरं वाटावं म्हणून. आणि खरं सांगू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला इंजिनिअर समजून काहीतरी विचारलं होतं.

चष्मिसला ते ठाऊक होतं. ती तेव्हा जिन्यातच टेप गुंडाळत होती. कचेरीत तिने माझं नाव घेतलं नाही आणि मी तिच्याकडे बघितलंही नाही. घरी आले आणि ताटात नुसती बोटं फिरवत बसले. बाबा म्हणाले, 'बरं नाही का?' मी म्हणाले, 'काही नाही हो.' आणि ते शब्द तोंडातून निघाले तशी मी ताट तसंच ठेवून उठले.

काल सकाळी कचेरीत जाऊन आधी मॅडमकडे गेले. दार न लावता सांगितलं, म्हणजे बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल.

मॅडम बराच वेळ पेन्सिलीशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, 'अहो, तुम्ही मोठ्या आहात, म्हणून मला बोलता येत नाही.'

मी म्हटलं, 'त्या मुलीला बोललात तसंच बोला.'

तशा त्या बोलल्या. आवाज चढवला नाही, पण काही ठेवलंही नाही. 'लोक आपल्याला घरात घेतात ते तुमचं वय बघून नाही, आपण खरं सांगू म्हणून. बघितलं असेल तर बघितलं म्हणा, नसेल तर नाही म्हणा. धीर द्यायला शेजारीपाजारी असतात.' मग विचारलं, 'त्या म्हाताऱ्या बाईंना आता खाली कसं आणायचं, सांगा.' मी म्हटलं, 'मी जाते.' त्या म्हणाल्या, 'जायलाच लागेल. तुमच्या शब्दावर अडून बसल्यात त्या. माझं ऐकत नाहीत.'

बाहेर येऊन चष्मिसच्या टेबलाशी उभी राहिले. शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, 'काकू, मी चलू का बरोबर? तुमच्या एकटीने खुर्ची नाही उचलणार.' या वयात मला अशी लाज कधी वाटली नव्हती.

शिवणकामवाल्या बाईंनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आत मशीन चालू होतं, कुणी मदतनीस असावी.

'आता काय नवीन सांगायला आलात?'

'मी त्या दिवशी चुकीचं बोलले. मी ते बघितलंच नव्हतं.'

'बघितलं नव्हतं, मग बोललात कशाला?'

'तुम्हाला बरं वाटावं म्हणून.'

'वा! मला बरं वाटावं म्हणून!' त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की आतलं मशीन थांबलं. 'मी तुमच्या शब्दावर जावेशी वाकडं घेऊन यांना परत आणलं. आता कुठल्या तोंडाने परत नेऊ? आणि हे गणवेश? शाळा माझ्यासाठी थांबणार आहे? तुमचं काय जातंय बोलायला!'

समजूत घालायला जीभ अगदी वळवळत होती. सगळं होईल नीट, जाऊबाई समजून घेतील, चार दिवसांचा प्रश्न आहे. यातलं मला एकही ठाऊक नव्हतं. गिळलं सगळं. म्हटलं, 'माझ्यावर विश्वास ठेवू नका. खाली चला आणि स्वतः बघा.'

त्या आल्या. रागाने आल्या, चपला आपटत. चष्मिसने विजेरी धरली. त्या कॉलमसमोर उभ्या राहिल्या, हात पुढे करून एक खपली उचलली, तर तिच्याबरोबर आणखी मूठभर खाली आलं. त्यांनी हात पदराला नाही, भिंतीला पुसला. मग वर बघितलं.

'माझी मशीन याच्या बरोब्बर वर?'

'हो. आणि कापायचं टेबल. आणि सासूबाईंचा पलंग त्याच्या पलीकडे.'

'हे टेकू धरतील ना?'

बघ, पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, 'मॅडमनी हिशोब करून लावलेत. पण वर माणसं असताना भरवसा धरू नका, असं त्यांनीच लिहून दिलंय. त्यापलीकडे मला माहीत नाही.'

त्या तशाच वर गेल्या आणि मशीनचा पट्टा काढायला लागल्या.

सासूबाईंना खुर्चीत बसवून, चादरीने बांधून खाली आणलं. दोन टेकूवाले पुढे, मागे मी आणि चष्मिस. जिना अरुंद, वळणावर खुर्ची अडकली. म्हातारी अंगाने काडी पण जिभेने धडधाकट. म्हणाली, 'या जिन्यावरून आता एकदाच उतरेन असं वाटलं होतं, आणि तेही आडवी. बसून उतरतेय, हे काय कमी आहे?' टेकूवाल्यांना हसू आवरेना. 'हसू नका रे, पाडाल मला!' म्हणून तीच ओरडली. माझ्या हाताला घाम सुटला होता आणि खुर्चीचा पाय निसटत होता. दात ओठ खाऊन धरून ठेवला.

दिरांचा टेम्पो आला. शिवणकामवाल्या बाई पुढे बसल्या. माझ्याकडे बघितलं नाही. बघावं असं मी काही केलंही नव्हतं.

आई

४ मार्च, बुधवार

बुटक्या,

मावशी म्हणते, मागच्या पत्रानंतर तू तिला विचारलंस, 'मग त्या बाईंचं काय झालं?' तू विचारलंस हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले.

तर ऐक. त्या अजून दिरांकडेच आहेत. मशीन ठेवायला तिथे जागा नाही म्हणून एका गोदामाच्या कोपऱ्यात बसून शिवतात. निम्मं काम दुसरीकडे गेलं. परवा कचेरीत फोन आला, मलाच मागितला. 'उभीच आहे की तुमची इमारत,' म्हणाल्या. 'कधी पडणार होती?' मी म्हटलं, 'माहीत नाही. टेकू नसते तर कधी, किंवा पडली असती की नाही, हेही सांगता येणार नाही.' मग म्हणाल्या, 'आता बाई सगळंच माहीत नाही म्हणायला लागलात तुम्ही,' आणि फोन ठेवला. ऐकताना वाटलं, किंचित हसल्या असाव्यात. नक्की नाही सांगता येणार.

मला मॅडमनी पुढचे दिवस टेबलावरच बसवलं होतं. बाहेर नेलं नाही. मी तक्रार केली नाही. जुन्या तपासण्यांचे कागद लावले, चष्मिसची गणितं तपासली, तिने माझी तपासली. माझ्या जास्त चुकतात. डोळे दुखतात, कंबर धरते. दुपारी सगळे चहाला उठतात तेव्हा मी तशीच बसते, कारण एकदा उठलं की पुन्हा बसताना जीव जातो. कधी कधी वाटतं, हे काय वय आहे का? खालच्या दवाखान्यातून कुणाची तरी किंकाळी येते आणि मनात येतं, चला, आपल्यापेक्षा वाईट दिवस कुणाचा तरी आहे.

आता बाबांचं. दोन वेळा लिहून कागद फाडलेत, तिसऱ्यांदा लिहिते.

बाबांना कंपवात झालाय. मागच्या वर्षी कळलं. बस चालवताना एकदा गिअरवर हात बसेना. त्यांनी बस बाजूला घेतली, माणसं उतरवली आणि स्वतः डेपोला फोन करून सांगितलं की मला आता गाडी देऊ नका. घरी येऊन मला फक्त म्हणाले, 'आजपासून टेबल.' मी तुला आराम आहे, छान चाललंय असं लिहीत राहिले. त्यांनी शपथ घातली होती हे खरं, 'दया येऊन यायला नको त्याला.' पण शपथेचा मला आधारच झाला. नसती घातली तरी मी तेच लिहिलं असतं.

मी बघितलं तेवढं सांगते. डावा हात बसल्या बसल्या थरथरतो, काम करताना कमी. बटणं लागत नाहीत. चालताना पाऊल उचलायला वेळ लागतो, दाराशी आले की अडल्यासारखे उभे राहतात. चेहरा हलत नाही, त्यामुळे रागावलेत असं वाटतं, आणि बरेचदा रागावलेले नसतात. आवाज बारीक झालाय. डोकं पूर्वीसारखंच तल्लख, हट्टही तसाच. डॉक्टर म्हणतात, औषधाने आटोक्यात राहील, बरं होणार नाही. किती वर्षं, कसं, हे मी विचारलं. ते म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं. तेव्हा ते मला माहीत नाही.

तू यावंस म्हणून लिहीत नाही, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. यावंस असं मला वाटतं. पण आला नाहीस तर मी तुला दोष देणार नाही, आणि यात कुठेही टोमणा नाही. तू जे सोडलंस ते तुझं होतं. मी जे धरलं ते माझं आहे. बेकरीत काय करतोस ते मला खरंच ऐकायचं आहे. पीठ किती वेळ मुरवता, भट्टी कुठल्या जळणाची आहे, हे मला कुणी सांगितलेलं नाही, कारण मी विचारलंच नाही.

बाबांना हे पत्र दाखवलं नाही. पण तुला कळवलंय, असं आज सकाळी सांगितलं. ते डेपोत जायला निघाले, दाराशी अडले, आणि तिथूनच विचारलं, 'त्याच्याकडे रात्रपाळी असते का गं?'

आई

२१ मार्च, शनिवार, सकाळ

बुटक्या,

तू झोपलायस, उठवत नाही. मला लवकर निघायचंय. मॅडमनी आज साइटवर बोलावलंय. त्या कॉलमभोवती नव्या सळया बांधून झाल्यात, आज काँक्रीट भरणार. काल संध्याकाळी म्हणाल्या, 'अहो, उद्या या,' आणि पहिल्यांदाच पुढे माझं आडनाव लावलं.

बाबा उठतील तेव्हा मदतीला धावू नकोस. कॉटच्या कडेला थोडा वेळ बसून राहतात, मग उठतात. चहा अर्धाच कप भर. पूर्ण भरला की सांडतो, आणि मग ते दिवसभर स्वतःवर चिडतात. सकाळची गोळी खाण्याआधी, बाटली खिडकीत आहे.

काल दार उघडल्यावर ते तुला 'केस वाढलेत' एवढंच म्हणाले आणि आत गेले, म्हणून तू तासभर बॅग खांद्यावर घेऊनच बसला होतास. चेहऱ्यावर जाऊ नकोस. तो आता तसाच असतो. तू अंघोळीला गेलास तेव्हा त्यांनी तू आणलेल्या पावाचा तुकडा मोडून खाल्ला, मग दुसरा खाल्ला, आणि मला म्हणाले, 'कवच छान भाजलंय.' तुला सांगणार नाहीत. मी सांगितलं असंही सांगू नकोस.

किती दिवस राहणार आहेस ते मी विचारलेलं नाही. तुलाही अजून माहीत नसेल. फक्त मी यायच्या आत निघू नकोस. काँक्रीट संपवून यायला मला उशीर होईल, पण मी येईन.

आई